तीन चौरस मीटर

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताच्या गृह मंत्रालयानं बेल्जियमला एक पत्र पाठवलं. पंजाब नॅशनल बँकेच्या हजारो कोटींच्या घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सी तिथे अटकेत होता आणि त्याला आमच्या ताब्यात द्या, अशी आपली मागणी होती. ताब्यात दिलंत तर आम्ही त्याला कसं ठेवू, याची लेखी हमी त्या पत्रात होती. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातली बराक नंबर १२. फर्निचर सोडून माणशी किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा. जाड सुती गादी, उशी, चादर, पांघरूण. वैद्यकीय कारण असेल तर पलंग. पुरेसा उजेड, खेळती हवा, पिण्याचं स्वच्छ पाणी, डॉक्टर. पुढच्याच महिन्यात अँटवर्पच्या न्यायालयानं प्रत्यार्पणाला संमती दिली.

या बातमीवर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटल्या. एक, 'चोराला गाद्या कशाला?' दुसरी, 'वा, आणलाच शेवटी!' मला तिसरा प्रश्न पडतो, आणि तो कोणी विचारताना दिसत नाही. एका माणसाला देता येतं ते बाकीच्यांना का देता येत नाही?

आर्थर रोडची अधिकृत क्षमता अनेक वर्षं ८०४ सांगितली जात होती आणि आत माणसं तीन हजारांच्या वर असायची. तिथून सुटून आलेले लोक सांगतात की रात्री एका कुशीवर झोपायचं, आणि कूस बदलायची तर शेजाऱ्यानंही बदलायची. त्याच भिंतीच्या आत, त्याच अधीक्षकाच्या हाताखाली, त्याच राज्याच्या तिजोरीतून एक बराक अशी आहे जिची हमी आपण युरोपातल्या न्यायाधीशाला लिहून देतो. म्हणजे जमत नाही, पैसा नाही, माहिती नाही, यातलं काहीही खरं नाही. जमतं. फक्त कोणीतरी बाहेरचा, ज्याला 'नाही' म्हणता येत नाही असा माणूस विचारायला लागतो.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. क्लायंट येणार असतो, म्हणून एका मशीनवर सगळं नीट बसवलेलं असतं. डेटा आधीच भरून ठेवलेला, नेमकी बटणं ठरलेली, कोणी इकडेतिकडे क्लिक करू नये म्हणून एक जण शेजारी उभा. क्लायंट खूश होऊन जातो. आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे जिथे खरी माणसं ते वापरतात तिथे, सगळं कोसळलेलं असतं. बराक नंबर १२ हा भारतीय तुरुंगव्यवस्थेचा डेमो आहे. २०१८ मध्ये विजय मल्ल्याच्या खटल्यात लंडनच्या न्यायाधीशांनी याच बराकीचा व्हिडिओ मागवला होता. खिडकीतून दिवसाचा उजेड खरंच येतो का, हे त्यांना बघायचं होतं. आपण तो चित्रित करून पाठवला. नंतर नीरव मोदीच्या खटल्यातही हीच बराक दाखवली गेली. सात-आठ वर्षं आपण एकच खोली जगाला दाखवतो आहोत.

हा तीन चौरस मीटरचा आकडा कुठून आला, तेही समजून घेऊ. क्रोएशियातल्या एका कैद्याच्या खटल्यात स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं ऑक्टोबर २०१६ मध्ये सांगितलं, की सामायिक कोठडीत माणशी तीन चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल, तर ती अमानुष वागणूक आहे असंच सकृतदर्शनी धरलं जाईल आणि तसं नाही हे सरकारनं सिद्ध करावं. युरोपच्या छळ-प्रतिबंधक समितीचा निकष तर चार चौरस मीटरचा आहे. म्हणजे तीन हा काही आदर्श नाही. त्याच्या खाली गेलात तर माणसाला माणूस म्हणून ठेवलेलं नाही, असा तो तळ आहे. घरातला एक सिंगल बेड साधारण दोन चौरस मीटरचा असतो. त्यात उभं राहायला अर्धा बेड मिळवा. एवढ्यासाठी सरकारला स्वतंत्र पत्र लिहावं लागतं.

दरवेळी पत्र चालतंच असंही नाही. क्रिकेट सट्टेबाजीतला आरोपी संजीव चावला याच्या बाबतीत २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयानं तिहारच्या अवस्थेवर बोट ठेवून आधी नकार दिला. मग हमीपत्रं गेली, अपिलं झाली आणि तो २०२० मध्ये आला. शस्त्रव्यवहारातला दलाल संजय भंडारी याला फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं सोडून दिलं. तिहारमध्ये त्याच्याकडून खंडणी उकळली जाईल, मारहाण होईल, हा धोका न्यायालयाला खरा वाटला. १९९५ च्या पुरुलिया शस्त्रप्रकरणातला डॅनिश आरोपी आपल्याला द्यायला डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ मध्ये नकार दिला आणि २०२४ मध्ये पुन्हा नकार दिला. 'राष्ट्राच्या गुन्हेगारांना फरपटत आणू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांना वाचवणारा सर्वात भक्कम वकील म्हणजे आपलेच तुरुंग.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, 'परक्या देशांनी आम्हाला शिकवू नये.' मला हे उत्तर विनोदी वाटतं. आर्थर रोड तुरुंग १९२० च्या दशकात बांधला तो ब्रिटिशांनी. त्याचं नाव पडलं ते मुंबईच्या एका ब्रिटिश गव्हर्नरावरून. आपले तुरुंग चालले ते १८९४ च्या तुरुंग कायद्यावर, तोही ब्रिटिशांचा. कैद्याला हिशेबातली वस्तू समजणारी ती सगळी व्यवस्था आपण जशीच्या तशी उचलली, आणि शंभर वर्षांनी ब्रिटनचंच न्यायालय म्हणतं की हे माणसांना ठेवण्यासारखं नाही. ज्यांनी ती वस्तू विकली त्यांनी ती केव्हाच टाकून दिली आणि आपण तिलाच सार्वभौमत्व म्हणून कवटाळून बसलो आहोत.

सुधारणांच्या शिफारशी आपल्याकडे घरच्याही भरपूर आहेत. न्यायमूर्ती मुल्ला समितीनं तुरुंगसुधारणेचा सविस्तर अहवाल दिला तो १९८३ मध्ये. सर्वोच्च न्यायालयानं सुनील बत्रा खटल्यात १९७८ मध्येच सांगितलं की तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली आहे, २०२३ चा आदर्श कायद्याचा मसुदा आहे. 'आदर्श' या शब्दाचा अर्थच असा की राज्यांनी वाटलं तर घ्यावा.

आता प्रॉडक्शन बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. आणि आतल्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे जवळजवळ ७६ टक्के, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे ते. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सगळे कच्चे कैदी एका रात्रीत बाहेर काढले तर भारतातले दोन तृतीयांशांहून अधिक तुरुंग ओस पडतील. आपली गर्दी गुन्हेगारांची नाही. ती वाट बघणाऱ्यांची आहे.

ही वाट कशी असते ते मला आमच्या तालुक्यातल्या एकामुळे कळलं. शाळेत तो माझ्या दोन वर्षं पुढे होता, कबड्डीत चांगला. नंतर टेम्पो चालवायचा. मालकाच्या गोदामातून माल गेला आणि चोरीच्या आरोपात हाही आत गेला. जामीन तसा लवकर मंजूर झाला. पण जामीनदार हवा आणि जामीनदाराच्या नावावर सात-बारा हवा. याच्या घरी जमीन नाही, नात्यात कोणाची असली तर तो कोर्टाची पायरी चढायला तयार नाही. जामिनाचा कागद हातात असताना हा चार महिने आतच राहिला. बाहेर आला तोवर टेम्पोवर दुसरा ड्रायव्हर होता. खटला अजून सुरूही झालेला नाही. मी त्याला विचारलं, सर्वात जास्त त्रास कशाचा झाला? मारहाण सांगेल, जेवण सांगेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दादा, तारीख कधी आहे हे सांगायला तिथं कोणी नसतं रे." गावाकडे वयानं लहानालाही दादा म्हणतात. हा मला दादा म्हणत होता, कारण मी इंजिनियर झालो आणि तो कच्चा कैदी.

२०२३ मध्ये केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली. जामिनाचे पैसे भरायला कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत मदत. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिले की जामिनाच्या आदेशाची प्रत ईमेलनं तुरुंगात जावी आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. उत्तम. पण हे आदेश कशाचे आहेत ते बघा. एक ईमेल पाठवा आणि सात दिवसांनी रिमाइंडर लावा. हे काम कॉलेजमधला पोरगा एका रविवारी करून देईल. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ते आदेश काढून सांगावं लागतं.

२०२१ मध्ये एका मोठ्या नटाच्या मुलाला जामीन मिळाला तेव्हा आख्ख्या देशाला कळलं, की आर्थर रोडच्या दाराबाहेर जामिनाच्या कागदांसाठी एक पेटी आहे. संध्याकाळी साडेपाचपर्यंत कागद पेटीत पडला नाही तर माणसाची आणखी एक रात्र आत. त्या मुलाची गेली. चॅनेलवाले दाराशी उभे होते म्हणून आपल्याला ती पेटी दिसली. इतरांच्या किती रात्री त्या पेटीनं खाल्ल्या, त्याचा हिशेब कुठल्या डॅशबोर्डवर आहे?

डॅशबोर्ड हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण तुरुंगांचं आधुनिकीकरण म्हटलं की आपल्याकडे निघतात ती टेंडरं सीसीटीव्हीची, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांची, बॉडी स्कॅनरची, जॅमरची. ई-प्रिझन्स नावाची प्रणाली आहे, कैद्याची नोंद तीत होते. या सगळ्याला माझा सरसकट विरोध नाही. व्हिडिओ-मुलाकातीमुळे गडचिरोलीच्या आईला नागपूरच्या तुरुंगातला मुलगा दोन दिवसांची मजुरी न बुडवता दिसत असेल, तर ते तंत्रज्ञान सोन्याचं. पण कुठलीही प्रणाली काय मोजते त्यावरून ती कोणासाठी बांधली ते कळतं. कॅमेरा मोजतो की माणूस पळाला का. जामीन मिळून अकरा दिवस झाले तरी हा माणूस अजून आत का, हे मोजणारा लाल दिवा कुठल्याच भिंतीवर नाही. २०२३ च्या आदर्श कायद्यात रजेवर जाणाऱ्या कैद्याच्या अंगावर ट्रॅकिंगचं उपकरण बसवण्याची सोय आहे. आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एका नायजेरियन आरोपीच्या खटल्यात सांगावं लागलं, की तपास अधिकाऱ्याला गुगल मॅपवर आपलं ठिकाण सतत दाखवत राहा ही जामिनाची अट असू शकत नाही. पाळत ठेवायचं तंत्रज्ञान आपल्याला चटकन सुचतं. सोडायचं सुचत नाही.

जगाकडे बघतानाही आपण नेमकं हेच उचलू, अशी मला भीती वाटते. कारण तुरुंगांबाबतचं आंतरराष्ट्रीय सहकार्य हे सगळं साधूसंतांचं नाही. डेन्मार्कनं कोसोव्होशी करार केला आहे. तिथल्या गिलान शहरातल्या तुरुंगात ३०० कोठड्या भाड्यानं घ्यायच्या आणि शिक्षेनंतर हद्दपार व्हायचे आहेत असे परदेशी कैदी तिथे ठेवायचे. ब्रिटननं २०१५ मध्ये जमैकाला तुरुंग बांधायला अडीच कोटी पौंड देऊ केले. हेतू हा की ब्रिटनमधले जमैकन कैदी तिकडे धाडता यावेत. जमैकानं शेवटी नाही म्हटलं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं दोनशेहून जास्त व्हेनेझुएलन माणसं एल साल्वाडोरच्या सेकोट तुरुंगात नेऊन टाकली आणि त्यासाठी पैसे मोजले. ४०,००० माणसं कोंबायची क्षमता सांगणारा हा तुरुंग. मुंडण केलेल्या, वाकवलेल्या माणसांच्या रांगांचे त्याचे रील तुम्हीही बघितले असतील. खाली आपल्याच लोकांच्या कमेंट होत्या, 'भारतात पण असंच हवं.' हेही आंतरराष्ट्रीय सहकार्यच. कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकण्याचं.

दुसऱ्या प्रकारचं सहकार्य वेगळं दिसतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याचे तुरुंगाधिकारी नॉर्वेला गेले. तिथे त्यांनी पाहिलं की कैदी स्वतः स्वयंपाक करतात, कर्मचारी त्यांच्याशी बोलतात आणि तुरुंगरक्षक व्हायला साधारण दोन वर्षं शिकावं लागतं. नॉर्वेचं तत्त्व सोपं आहे. स्वातंत्र्य काढून घेणं हीच शिक्षा, बाकीचं आयुष्य जमेल तितकं बाहेरच्यासारखं ठेवा. आज ना उद्या हा माणूस कोणाचा तरी शेजारी होणार आहे. नॉर्थ डकोटानं परत येऊन आपल्याकडची एकांतकोठडी कमी करायला घेतली. पुढे पेनसिल्वेनियातल्या चेस्टरच्या तुरुंगात २०२२ मध्ये स्कँडिनेव्हियन धर्तीचा ६४ जणांचा विभाग सुरू झाला. इथे भाड्यानं गेलं ते काम करण्याचं शहाणपण, कोठड्या नव्हेत.

या सगळ्याला कागदाचा आधार आहे तो नेल्सन मंडेला नियमांचा. संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांसाठीचे किमान नियम १९५५ चे. ते नव्यानं लिहून १७ डिसेंबर २०१५ ला आमसभेनं मंजूर केले आणि २७ वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसाचं नाव त्यांना दिलं. दिवसाचे २२ तास किंवा अधिक काळ माणसाशी माणूस बोलत नाही ती एकांतकोठडी, आणि ती सलग १५ दिवसांपेक्षा जास्त नको, इतके नेमके ते आहेत. पण त्यांचं बंधन नाही. बंधनकारक करार आहे तो छळविरोधी. भारतानं त्यावर १९९७ मध्ये सही केली आणि तो आजतागायत मान्य करून कायद्यात आणलेला नाही. परदेशी न्यायालयात आपले वकील 'आमच्याकडे छळ होत नाही' म्हणतात तेव्हा समोरचा वकील हीच सही पुढे सरकवतो.

इथे कोणीतरी म्हणेल, नॉर्वे श्रीमंत आहे, आपल्या एका मोठ्या शहराएवढी त्याची लोकसंख्या. मान्य. म्हणून मी नॉर्वे सोडून आटपाडीला जातो.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती उभी राहिली तेव्हा तो भाग औंध संस्थानात होता. संस्थान गरीब, मुलूख दुष्काळी. त्या सुमारास औंधला एक पोलिश इंजिनियर येऊन राहिला होता. मॉरिस फ्रीडमन, वॉर्सातला ज्यू, आधी बंगळुरूच्या सरकारी वीजसाहित्याच्या कारखान्यात काम केलेला. राजाचे चिरंजीव अप्पा पंत यांच्याबरोबर तो औंधच्या लोकराज्याच्या प्रयोगात गुंतला, आणि कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत, कुटुंबासह राहू द्यावं ही कल्पना त्यानं लावून धरली. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी ती उचलून धरली. ना गज, ना कुंपण. ग. दि. माडगूळकर त्याच मातीतले. त्यांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला आणि पुढच्या वर्षी त्याला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. पोलंडचा इंजिनियर, औंधचा राजा, माणदेशातली जमीन आणि बर्लिनमधलं कौतुक. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते हे, आणि ते झालं तेव्हा संयुक्त राष्ट्रं जन्मालाही आली नव्हती.

मग स्वतंत्रपूरचं पुढे काय झालं? वसाहत राहिली, मूठभर माणसांपुरती. खुली कारागृहं महाराष्ट्रात आणखीही आहेत, पैठणला, मोर्शीला, येरवड्यात. राजस्थाननं ही कल्पना जास्त मनावर घेतली. जयपूरजवळच्या सांगानेरला १९६० च्या दशकापासून कैदी बायकापोरांसह राहतात, सकाळी बाहेर कामाला जातात, स्वतः कमावून स्वतः खातात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. भिंत नसल्यानं भिंतीचा खर्च नाही, पहारा कमी, जेवणाचा बोजा सरकारवर नाही. ज्याला 'लाड' म्हणतात तो बंद तुरुंगापेक्षा स्वस्त पडतो. तरी आपण टेंडर काढतो ते उंच भिंतीचं, कारण भिंतीचं उद्घाटन करता येतं. विश्वासाची फीत कशी कापणार?

एक गोष्ट आपण निर्यातही केली आहे. म्यानमारमध्ये वाढलेले सत्यनारायण गोएंका यांनी विपश्यना भारतात आणली. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात आणि १९९४ मध्ये तिहारमध्ये एक हजार कैद्यांचं शिबिर झालं. पुढे ती अमेरिकेत अलाबामाच्या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगापर्यंत गेली. हे चांगलंच झालं. पण सरकारांना ध्यान इतकं का आवडतं याचाही विचार करावा. ध्यान स्वस्त असतं आणि ते बदल कैद्याकडून मागतं, इमारतीकडून नाही. श्वासाकडे लक्ष द्यायचं तर आधी श्वास घेण्याइतकी जागा लागते.

आणि सगळं शहाणपण ऑस्लोत किंवा जिनिव्हात आहे, असंही मी म्हणत नाही. मंडेला नियमांमध्ये भेदभाव नको अशी यादी आहे. वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म, जन्म. जात हा शब्द तिथे नाही. आपल्या तुरुंग नियमावल्यांमध्ये स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचे हे जातीवरून ठरवणाऱ्या तरतुदी होत्या, भटक्या-विमुक्तांना जन्मानंच सराईत गुन्हेगार मानणारी भाषा होती. ते उघडं केलं मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी, आणि त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. हे कुठल्याही परदेशी तज्ज्ञाला दिसलं नसतं. सहकार्याचा अर्थ बाहेरचा निकष आणि आतला डोळा, दोन्ही.

शेवटचा आक्षेप सर्वात जड आहे, म्हणून तो टाळत नाही. 'ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं काय?' ज्या बाईवर अत्याचार झाला, ज्या म्हाताऱ्याची पुंजी गेली, त्यांच्यापुढे मी कैद्याच्या गादीची बाजू कशी मांडू? अशी मांडतो. त्यांना हवा आहे निकाल. चारातले तीन कैदी निकालाविना आत आहेत, याचा अर्थ तितक्याच पीडितांचा न्यायही त्याच रांगेत अडकला आहे. खच्चून भरलेला तुरुंग ही कडक न्यायाची खूण नाही, तुंबलेल्या न्यायाची आहे. आणि ज्याला शिक्षा झाली त्याला न्यायाधीशानं सात वर्षांची कैद सुनावली होती. क्षयरोग सुनावला नव्हता.

मग मागणी काय करायची? नवा विचार शोधायची गरजच नाही. ते बेल्जियमला पाठवलेलं पत्र घ्या, त्यातलं आरोपीचं नाव खोडा आणि तिथे 'प्रत्येक बंदी' लिहा. छळविरोधी कराराला मान्यता द्या. नॉर्वेला मंत्र्यांचं शिष्टमंडळ नको, वर्षभरासाठी शिपाई आणि तुरुंगाधिकारी पाठवा. स्वतंत्रपुरासारख्या वसाहती जिल्ह्याजिल्ह्यांत करा. आणि जे सहकार्य आधीपासून चालू आहे ते पूर्णत्वाला न्या. भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात, युद्धाच्या तोंडावर असले तरी देतात. त्या यादीत आपल्या पालघरचे मच्छीमारही असतात, समुद्रातली न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून पकडलेले. शिक्षा संपूनही माणसं महिनोन्‌महिने तिकडेच राहतात, काही तिथेच मरतात. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती तुरुंगांना भेटी द्यायची, २०१३ नंतर तीही थंडावली. पालघरच्या कोळ्याला कराचीच्या तुरुंगात माणसासारखं वागवा, हे आपण कुठल्या तोंडानं सांगणार, जर आपल्या तुरुंगात एका कुशीवर झोपणारी माणसं असतील?

हे वाचणाऱ्या तुमच्या हातात फोन आहे. माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क दहा रुपये. तुमच्या जिल्ह्याच्या कारागृहाला चार प्रश्न विचारा. मंजूर क्षमता किती? आज आत किती? बराकींचं क्षेत्रफळ किती चौरस मीटर? जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटले तरी आत असलेले किती, आणि त्यांची माहिती विधी सेवा प्राधिकरणाला कोणत्या तारखेला कळवली? तिसऱ्या उत्तराला दुसऱ्यानं भागा. उत्तर तीनपेक्षा कमी आलं तर ते आमदाराला पाठवा, स्थानिक पत्रकाराला पाठवा आणि सोबत एवढंच लिहा, की याहून जास्त जागेची हमी आपलं सरकार बेल्जियमला देऊन बसलं आहे.